न वापरलेला स्थिरांक: अडगळ की इशारा?

विद्यार्थी मित्रहो, पुढील उदाहरण पाहा. 'वीस मीटर उंचीच्या टाकीवरून दोन किलोग्रॅम वस्तुमानाचा दगड खाली सोडला. गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग माना आणि जमिनीवर आदळताना त्याचा वेग किती असेल ते काढा. हवेचा विरोध विचारात घेऊ नका.' तुमच्यापैकी बहुतेकजण हे उदाहरण सहज सोडवतील. वेगाचा वर्ग म्हणजे २ × ९.८ × २०, अर्थात ३९२. त्याचे वर्गमूळ सुमारे १९.८. म्हणून वेग सेकंदाला १९.८ मीटर.

उत्तराखाली रेघ मारताना मात्र पुष्कळांच्या मनात एक शंका डोकावते. दोन किलोग्रॅम ही संख्या आपण वापरलीच नाही! काही चुकले तर नाही ना? येथे काहीही चुकलेले नाही. हवेचा विरोध नसेल तर जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली येते, हे गॅलिलिओपासून आपल्याला माहीत आहे. वस्तुमान न वापरणे हेच येथे बरोबर आहे.

आता दुसरी शक्यता घ्या. एखाद्या विद्यार्थ्याने ९.८ ही संख्या न वापरताच उत्तर काढले. ते उत्तर तपासण्याचीही गरज नाही, ते चूकच असणार. लक्षण दोन्हीकडे एकच आहे: दिलेली संख्या वापरली गेली नाही. परंतु पहिल्या वेळी ते निरोगीपणाचे लक्षण आहे, तर दुसऱ्या वेळी रोगाचे. मग केवळ लक्षण पाहून निदान कसे करावे?

नेमका हाच प्रश्न संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे गेली चार-पाच दशके उभा आहे. प्रोग्रॅममध्ये एखादा स्थिरांक घोषित केला, त्याला नाव दिले, किंमत दिली, पण पुढे तो कोठेच वापरला नाही, तर प्रोग्रॅम तपासणाऱ्या यंत्रणेने काय करावे? ओरडावे, हळूच सांगावे, की गप्प बसावे? प्रश्न दिसायला लहान आहे. त्याचे उत्तर शोधताना मात्र बऱ्याच उपयोगी गोष्टी हाती लागतात.

स्थिरांकाला नाव कशासाठी?

प्रोग्रॅममध्ये दोन प्रकारच्या राशी असतात. ज्यांची किंमत काम चालू असताना बदलते त्या चलराशी आणि ज्यांची किंमत बदलत नाही ते स्थिरांक. गुरुत्व त्वरण हवे असेल तेथे थेट ९.८ लिहिता येते. परंतु असे दहा ठिकाणी लिहिले आणि पुढे अधिक अचूक किंमत घ्यावयाची ठरली, तर दहाही जागा शोधून बदलाव्या लागतात. आपल्या नागपूर भागात गुरुत्व त्वरणाची किंमत सुमारे ९.७९ आहे, अक्षांश आणि उंचीप्रमाणे ती थोडी बदलते. दहापैकी नऊ जागा बदलल्या आणि एक राहून गेली, तर प्रोग्रॅम बिनबोभाट चालेल, पण उत्तर थोडेसे चुकीचे देईल. अशी चूक शोधणे महाकठीण असते.

म्हणून शहाणा प्रोग्रॅम लेखक सुरुवातीलाच 'गुरुत्व_त्वरण = ९.७९' असे एकदा लिहितो आणि पुढे सर्वत्र केवळ नाव वापरतो. बदल करायचा तर एकाच जागी करायचा. शिवाय ९.७९ या आकड्यापेक्षा 'गुरुत्व_त्वरण' हे नाव वाचणाऱ्याला अधिक सांगते. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे एक नवी शक्यता निर्माण झाली: नाव दिले, पण वापरायचे राहून गेले.

कापसाच्या मुलखातून 'लिंट'कडे

विदर्भातील वाचकांना 'लिंट' हा शब्द परका वाटू नये. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर जी रुई मिळते तिला व्यापारात लिंट म्हणतात. धुतलेल्या कपड्यावर बारीक तंतूंचा जो कचरा चिकटून राहतो, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. कपडा फाटलेला नसतो, घालताही येतो, पण घालण्यापूर्वी झटकून घेतलेला बरा.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास एक प्रोग्रॅम तयार केला आणि त्याला 'लिंट' असे नाव दिले. सी भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम वाचून त्यांतील संशयास्पद जागा दाखविणे हे त्याचे काम. येथे एक भेद लक्षात ठेवा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविणारा तो कंपायलर. व्याकरण चुकले तर कंपायलर पुढे जायलाच नकार देतो. लिंटचे काम त्याच्या पलीकडचे. व्याकरण बरोबर आहे, पण अर्थात काही गडबड तर नाही ना, हे तो पाहतो. पुढे इतर भाषांसाठीही असे तपासनीस तयार झाले आणि त्या सर्वांना 'लिंटर' हे सामान्यनाम मिळाले. आजचे पुष्कळ कंपायलरही लिंटरचे काही काम स्वतःच करतात.

घोषित केलेली पण न वापरलेली नावे दाखविणे हे लिंटचे पहिल्यापासूनचे काम होते. मात्र जॉन्सन यांनी त्याला एक अपवाद ठेवला होता. दुसरीकडे तयार असलेल्या एखाद्या वस्तूची प्रोग्रॅममध्ये केवळ ओळख करून दिली, उदाहरणार्थ 'ज्या (साइन) काढणारे फंक्शन बाहेर उपलब्ध आहे' एवढेच सांगितले, आणि ते वापरले नाही, तर लिंट तक्रार करीत नसे. या अपवादामागील विचार किती महत्त्वाचा आहे, ते पुढे दिसेल.

साडेचौसष्ट आणि पासष्ट

आता आपल्याच परिसरातील एक उदाहरण घेऊ. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुका संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील शेतकऱ्याचे लक्ष पावसाच्या आकड्याकडे सतत असते, आणि त्या आकड्याला सरकारी व्यवहारातही फार महत्त्व आहे. भारतीय हवामान खात्याच्या वर्गीकरणानुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तर तो 'जोरदार' या वर्गात जातो. महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात मात्र महसूल मंडळातील अतिवृष्टीसाठी ६५ मिलिमीटर ही सीमा धरली जाते आणि पिकांच्या नुकसानभरपाईचा विचार तिच्याशी जोडलेला असतो. दोन संख्या, दोन खाती, दोन उद्देश, आणि अंतर अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचे!

समजा, एका विद्यार्थ्याने पावसाच्या नोंदी वर्गवार लावण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचा आराखडा मराठीत असा होईल:

१. जोरदार_सीमा = ६४.५
२. अतिवृष्टी_सीमा = ६५
३. पाऊस = आजची नोंद
४. पाऊस जोरदार_सीमेइतका किंवा अधिक असेल, तर 'जोरदार पाऊस' असे लिही.
५. पाऊस जोरदार_सीमेइतका किंवा अधिक असेल, तर मंडळाचे नाव अतिवृष्टीच्या यादीत लिही.

चूक तुमच्या लक्षात आली असेल. चौथी ओळ उतरवून पाचवी तयार करताना सीमेचे नाव बदलायचे राहिले. हा प्रोग्रॅम चालवून पाहा. ४० मिलिमीटर पाऊस द्या, उत्तर बरोबर येते. ९० द्या, तेही बरोबर. शंभर नोंदी देऊन तपासले तरी बहुधा सर्व उत्तरे बरोबरच येतील. ६४.५ आणि ६५ यांच्यामधील, म्हणजे ६४.८ सारखी नोंद ज्या दिवशी येईल, त्याच दिवशी चूक उघडी पडेल. एखादे मंडळ यादीत नको असताना जाईल. हीच अदलाबदल उलट बाजूने झाली असती, तर पाऊस जोरदार असूनही 'जोरदार नाही' अशी नोंद झाली असती.

लिंटरला मात्र ६४.८ मिलिमीटर पावसाची वाट पाहावी लागत नाही. तो प्रोग्रॅम चालवीत नाही, नुसता वाचतो. वाचता वाचता त्याला दिसते की दुसऱ्या ओळीत 'अतिवृष्टी_सीमा' हे नाव आले, पण नंतर कोठेच आले नाही. तो लगेच सांगतो: 'ओळ २: अतिवृष्टी_सीमा घोषित केला आहे, पण वापरलेला नाही.' त्याला पाऊस म्हणजे काय, अतिवृष्टी म्हणजे काय, यातले काहीही कळत नाही. तरीसुद्धा एका साध्या मोजणीवरून त्याने दुर्मीळ चुकीवर बोट ठेवले. तपासणीत न सापडणारी चूक वाचनात सापडते ती अशी.

परंतु येथेच एक धोका आहे. हा इशारा वाचून एखादा उतावळा विद्यार्थी म्हणेल, 'वापरलेला नाही ना? मग काढून टाकू.' त्याने दुसरी ओळ खोडली, लिंटर गप्प झाला आणि प्रोग्रॅम होता तितकाच चुकीचा राहिला. शिवाय चुकीचा एकमेव पुरावाही नाहीसा झाला! ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्याचाच हा प्रकार. म्हणून न वापरलेला स्थिरांक लिंटरने स्वतः होऊन कधीही काढून टाकू नये. 'तो वापरायचा राहिला आहे का?' हा प्रश्न आधी आणि 'तो अनावश्यक आहे का?' हा प्रश्न नंतर, असा क्रम असावा.

लॉग टेबलची गोष्ट

इतके वाचल्यावर वाटेल की प्रत्येक न वापरलेल्या स्थिरांकावर लिंटरने बोट ठेवावे. पण थांबा. तुमच्या दप्तरातील लॉग टेबल उघडा. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत त्यातील किती आकडे तुम्ही प्रत्यक्ष वापरता? फार थोडे. म्हणून बाकीचे आकडे काढून टाका, असे कोणी म्हणत नाही. लॉग टेबल एका उदाहरणासाठी छापलेले नसते. आज तुम्हाला न लागलेला आकडा उद्या तुम्हाला किंवा आज दुसऱ्याला लागतो.

प्रोग्रॅममध्येही असेच असते. भौतिकी स्थिरांकांची एक फाइल तयार केली आणि तीत प्रकाशाचा वेग, प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार असे चाळीस स्थिरांक लिहून ठेवले. ही फाइल अनेक प्रोग्रॅम वापरणार. लिंटरने एकटी हीच फाइल वाचली, तर त्याला चाळीसही स्थिरांक 'न वापरलेले' दिसतील, कारण वापरणारे बाहेर आहेत. वाचनालयात बसून 'ही पुस्तके येथे कोणी वाचत नाही' असे म्हणावे आणि घरी नेलेल्या पुस्तकांचा विचारच करू नये, तसे ते होईल.

आरंभीच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. उदाहरणात दिलेली संख्या त्या उदाहरणासाठीच दिलेली असते, म्हणून ती वापरली नाही तर विचारणे योग्य. लॉग टेबलमधील संख्या सर्वांसाठी असते, म्हणून ती वापरली नाही तर विचारण्यात अर्थ नाही. स्थिरांक कोणासाठी घोषित केला आहे, म्हणजेच तो कोठवर दिसतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी मत देता येत नाही. नावाच्या या दृश्यतेच्या कक्षेला संगणकशास्त्रात व्याप्ती म्हणतात. जॉन्सन यांच्या अपवादामागे हाच विचार होता.

निरनिराळ्या भाषांनी काय केले?

मौजेची गोष्ट अशी की, या प्रश्नाला निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

सी आणि सी++ या भाषांसाठी जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर आहे. त्याच्या २०१६ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत न वापरलेल्या स्थिरांकासाठी वेगळा इशारा देण्यात आला आणि त्याच्या दोन पातळ्या ठेवण्यात आल्या. पहिल्या पातळीवर तो फक्त मुख्य फाइलमधील स्थिरांकांविषयी बोलतो. अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या हेडर फाइलमधील स्थिरांकांविषयी गप्प राहतो. दुसऱ्या पातळीवर हेडर फाइलही तपासतो. शिवाय 'न वापरलेल्या चलराशी दाखव' असे सांगितले असता सी भाषेत पहिली पातळी आपोआप चालू होते, सी++ मध्ये होत नाही. कारण सी++ मध्ये असे स्थिरांक नुसती नावे देण्यासाठी सर्रास वापरले जातात. कंपायलर एकच, पण भाषेची रीत पाहून तो वागणे बदलतो.

गूगल कंपनीत तयार होऊन २००९ मध्ये जाहीर झालेली गो ही भाषा शिस्तीला फार कडक आहे. फंक्शनच्या आत चलराशी घोषित करून वापरली नाही, तर तेथे इशारा मिळत नाही, कंपायलर प्रोग्रॅमच नाकारतो! पण हाच कडक कंपायलर न वापरलेला स्थिरांक मात्र मुकाट्याने चालवून घेतो. हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. चलराशीला किंमत देण्यासाठी बहुधा काही काम केलेले असते आणि ते काम वाया गेलेले असते. स्थिरांकाच्या बाबतीत काम असे काही झालेलेच नसते, हा फरक येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. तरीही आपल्या पावसाच्या उदाहरणासारखी चूक या सवलतीतून निसटते, हेही विसरून चालणार नाही.

रस्ट या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिने मधला मार्ग घेतला आहे. न वापरलेल्या खासगी स्थिरांकाविषयी कंपायलर इशारा देतो, पण काम थांबवीत नाही. स्थिरांक सर्वांसाठी जाहीर केलेला असेल, तर बोलत नाही. आणि तो मुद्दाम ठेवला असेल, तर नावाच्या आरंभी एक अधोरेषा लिहायची, म्हणजे कंपायलर समजून घेतो. लेखकाने आपले उत्तर प्रोग्रॅममध्येच नोंदवून ठेवण्याची ही सोय नवी नाही. जुन्या लिंटलाही काही बाबतींत ठरावीक शेरा लिहून गप्प करता येत असे.

संच अपुरा की पुरा?

आणखी एक अवघड जागा आहे. संत्र्याचे बहार तीन: आंबिया, मृग आणि हस्त. आपल्याकडे मुख्यतः आंबिया आणि मृग हेच घेतात. बागेच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये तिघांना १, २, ३ असे क्रमांक दिले आणि हस्त कोठेच वापरला गेला नाही, तर तो काढावा का? काढू नये. तिघांचा मिळून एक संच आहे आणि यादी पुरी असण्यातच तिचा उपयोग आहे. आठवड्याचे वार लिहिताना रविवारी सुट्टी असते म्हणून आपण रविवार गाळत नाही. तेव्हा स्थिरांक संच म्हणून घोषित केले असतील, तर लिंटरने एकेकाला वेगळे काढून जाब विचारू नये. मात्र संच आहे हे लेखकाने सांगितलेले असावे. शेजारी शेजारी लिहिलेले ६४.५ आणि ६५ पाहून लिंटरने स्वतःच तो संच मानला, तर आपली चूक झाकली जाईल.

पण एवढ्याने भागत नाही. हवामान खात्याच्या वर्गीकरणात ६४.५ च्या वर आणखी दोन पायऱ्या आहेत. ११५.६ मिलिमीटरपासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. समजा, या तिन्ही पायऱ्यांचा संच घोषित केला आणि निर्णय घेणाऱ्या भागात सर्वांत वरची पायरी लिहायची राहिली. लिंटर 'संच आहे' म्हणून गप्प बसेल. सर्वांत वरची पायरी क्वचितच लागते, म्हणून वर्षानुवर्षे काही बिघडणार नाही. ज्या दिवशी बिघडेल, तो दिवस नेमका सर्वांत वाईट असेल.

नरखेड तालुक्याला अशा दिवसाची आठवण आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेचा संगणकाशी काही संबंध नाही. पण क्वचित येणारा दिवस खरोखर येतो, हे तिने या भागाला शिकविले आहे. आज पाऊस आणि पुराचे अंदाज संगणकाच्या मदतीने तयार होतात. त्यांतील वरच्या पायऱ्यांकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

यावर उपाय आहे. संचाच्या बाबतीत 'प्रत्येक स्थिरांक वापरला का?' असे विचारण्याऐवजी 'निर्णय घेताना संचातील प्रत्येक शक्यतेचा विचार केला का?' असे विचारावे. रस्ट भाषेतील निवड करणारी रचना हेच करते. संचातील एक जरी शक्यता अनुत्तरित राहिली, तरी कंपायलर प्रोग्रॅम स्वीकारीत नाही. प्रश्न योग्य विचारला की उत्तरही योग्य मिळते.

लांडगा आला रे!

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? लिंटरने सगळेच दाखवावे आणि माणसाने पाहून घ्यावे. ऐकायला हे सुरक्षित वाटते, पण प्रत्यक्षात तसे नाही. 'लांडगा आला रे' म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक वेळी तीनशे इशारे देणाऱ्या लिंटरचे इशारे कोणी वाचीत नाही. तीनशेपैकी दोनशे नव्याण्णव लॉग टेबलच्या आकड्यांसारखे निरुपद्रवी आणि एकच अतिवृष्टी_सीमेसारखा असेल, तर तो एक त्या गर्दीत हरवतो. खोटे इशारे देणारा तपासनीस खऱ्या इशाऱ्याचीही किंमत घालवतो.

उलट टोकही तितकेच वाईट. 'असू दे, कधी तरी उपयोगी पडेल' म्हणून जुने सामान साठवीत गेले, तर काय होते याचा एक धडा १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेच्या शेअरबाजारात मिळाला. नाइट कॅपिटल या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये २००३ नंतर न वापरलेला एक भाग तसाच पडून होता. पूर्वी तो चालू करण्यासाठी जी खूण वापरीत, तीच खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरण्यात आली. नवा प्रोग्रॅम आठपैकी सात यंत्रांवर बसविला गेला, आठव्यावर राहिला. त्या आठव्या यंत्रावर नव्या खुणेने जुना भाग जागा झाला आणि भराभर नको ते व्यवहार करीत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे चाळीस कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. न वापरलेली वस्तू जागा अडवते एवढेच तिचे उपद्रवमूल्य नसते. पुढे कोणी तरी तिचा भलताच अर्थ लावण्याची शक्यता असते.

मग चांगल्या लिंटरचे नियम कोणते?

आतापर्यंतच्या विवेचनावरून पुढील नियम निघतात.

पहिला: स्थिरांक एखाद्या फंक्शनच्या आत, केवळ त्याच्यासाठी घोषित केला असेल आणि वापरला नसेल, तर लिंटरने स्पष्ट इशारा द्यावा. बाहेरून तो कोणीच वापरू शकत नाही.

दुसरा: स्थिरांक एका फाइलपुरता खासगी असेल, तरीही इशारा द्यावा. पण काम अडवू नये, कारण प्रोग्रॅम अर्धवट लिहून झालेला असू शकतो.

तिसरा: स्थिरांक सर्वांसाठी जाहीर केलेला असेल, तर एकट्या फाइलवरून मत देऊ नये. तो वापरू शकणाऱ्या साऱ्या फाइली समोर असतील, तरच बोलावे.

चौथा: घोषित संचाला एक घटक मानावे, आणि निर्णयाच्या जागी संचातील प्रत्येक शक्यता हाताळली आहे का ते पाहावे.

पाचवा: लेखकाने 'हा मुद्दाम ठेवला आहे' असे नोंदविले, तर ते मान्य करावे. त्याबरोबर कारणही लिहावयास लावले तर उत्तम. वर्षभराने तेच कारण उपयोगी पडते.

सहावा: स्वतः होऊन काहीही खोडू नये.

इतके नियम पाळूनही लिंटर सर्वज्ञ होत नाही. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झाले. जमिनीवरील एक प्रोग्रॅम आवेगाची किंमत पाउंड-सेकंदांत देत होता आणि ती वापरणारा दुसरा प्रोग्रॅम ती न्यूटन-सेकंदांत आहे असे समजत होता. दोहोंमध्ये सुमारे ४.४५ या गुणकाचा फरक आहे. हा रूपांतराचा स्थिरांक लिहून वापरायचा राहिला असता, तर लिंटरने तो दाखविला असता. पण जी गोष्ट लिहिलीच गेली नाही, तिच्याविषयी लिंटर काय बोलणार? तेथे एकके लिहिण्याची शिस्त आणि माणसाची तपासणीच कामाला येते. उत्तरापुढे एकक लिहा, असे तुमचे शिक्षक का बजावतात, हे आता निराळे सांगायला नको.

करून पाहा

१. भौतिकशास्त्राची सोडविलेली दहा उदाहरणे घ्या. प्रत्येकात दिलेल्या संख्यांची यादी करून वापरलेल्या संख्येपुढे खूण करा. जेथे खूण नाही, तेथे ती का लागली नाही, हे एका वाक्यात लिहा. कारण लिहिता आले नाही, तर उदाहरण पुन्हा सोडवा.

२. शाळेतील संगणकावर पायथॉन असल्यास वरील पावसाचा प्रोग्रॅम लिहा. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत नावे मराठीतही देता येतात. आकडे मात्र इंग्रजी अंकांत लिहावे लागतात. आधी दोन्ही सीमा फाइलच्या आरंभी लिहा आणि पायफ्लेक्स या लिंटरकडून तपासून घ्या. मग त्याच सीमा फंक्शनच्या आत हलवून पुन्हा तपासा. पहिल्या वेळी लिंटर गप्प राहील, दुसऱ्या वेळी बोलेल. चूक तीच असताना हा फरक का पडला, ते वर्गात मित्रांना समजावून सांगा.

३. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक जास्तीची संख्या असलेले उदाहरण मुद्दाम द्यावे. 'कोणती संख्या लागली नाही आणि का?' या प्रश्नालाही गुण ठेवावेत.